पुढचं पुस्तक कुठे सापडतं

अगं,

तुझा मेसेज निवांत वाचला. थ्रिलर वाचून वाचून आता खुनी कोण ते अर्ध्यातच कळायला लागलंय, पण दुसरं काही हातात घेतलं की वीस पानांच्या पुढे सरकत नाही, म्हणून सगळ्या प्रकारच्या पुस्तकांची मिळून एक लिस्ट दे असं लिहिलंयस. लिस्ट मी देणार नाहीये. दहा मिनिटांचं काम आहे खरं तर, पण अशा लिस्टचं पुढे काय होतं ते मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय, पहिली दोन पुस्तकं उत्साहात होतात, तिसरं वाचायला हवं म्हणून उघडलं जातं आणि चौथं उशाशी पडून राहतं. वाचणारा आळशी असतो असं नाही, ती पुस्तकं दुसऱ्याच्या कुतूहलातून आलेली असतात ना, आपल्याला त्यातलं काही विचारायचंच नसतं.

म्हणून तू जे आवडीने वाचतेस तिथूनच निघू. थ्रिलर वाचते हे लाजत लाजत का लिहिलंस ते मला कळलं नाही, सलग तीनशे पानं बसून वाचायची सवय तुला त्यांनीच लावलीय. त्या शेवटच्या पुस्तकात विषप्रयोग होता म्हणालीस. मग पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न स्वतःला विचार, विष दिलंय हे सिद्ध कसं करतात? एकेकाळी हे फार अवघड होतं, आर्सेनिक दिलेला माणूस पोटाच्या साध्या आजाराने गेल्यासारखा दिसायचा, आणि १८३६ मध्ये जेम्स मार्श नावाच्या इंग्लिश केमिस्टने अगदी थोडं आर्सेनिकसुद्धा पकडता येईल अशी टेस्ट प्रसिद्ध केली तेव्हा कोर्टातल्या पुराव्याचं चित्रच बदललं. आता यावर वाचायला गेलीस तर एक पुस्तक केमिस्ट्रीच्या कपाटात मिळेल, एक कायद्याच्या इतिहासात, एखादं डॉक्टरच्या आठवणींमध्ये. आणि अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टींमध्ये विषं इतकी नेमकी का असतात, तर पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटलच्या औषधालयात काम करत होती, हे तिच्या आत्मचरित्रात आहे. आवडीची खूनकथा वाचता वाचता तू आत्मचरित्रापर्यंत पोचलीस की नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून नाही.

अजून एक धागा सांगते, हा मला फार आवडतो म्हणून जरा लांबण लागेल.

ट्रेझर आयलंड हे नाव तू ऐकलं असशील, लहानपणी एखादी संक्षिप्त आवृत्तीही चाळली असशील. १८८१ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा शाळकरी सावत्र मुलगा रंग घेऊन बसलेले असताना एका बेटाचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशावरून गोष्ट सुचत गेली. आधी ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, १८८३ मध्ये पुस्तक झालं. आता गंमत पुढे आहे. या सगळ्यावर त्याने नंतर एक लेख लिहिलाय, त्यात तो सांगतो की पुस्तक छापायच्या वेळी तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही, मग पुस्तकात कुठे कुठे काय लिहिलंय त्याची यादी करून, कंपास घेऊन, सगळं जुळेल असा नकाशा नव्याने काढावा लागला. मनाला येईल तसा नकाशा काढून त्यावर गोष्ट रचणं सोपं, पण लिहून झालेल्या गोष्टीवर नकाशा बसवणं किती कटकटीचं, ते तो अगदी जीव तोडून सांगतो. लिहिणारा माणूस कसा विचार करतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला लेख पहिल्यांदाच ललित लेखन वाचणाऱ्याला मी सुचवणार नाही.

तो नवा नकाशा कुठे काढला गेला? वडिलांच्या ऑफिसात. वडील काय करायचे? दीपगृहं बांधायचे! अख्खं घराणंच दीपगृह बांधणाऱ्या इंजिनियरांचं. आजोबांनी स्कॉटलंडच्या पूर्वेला भर समुद्रात बेल रॉक नावाच्या खडकावर दीपगृह उभं केलं, हा खडक भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो, त्यामुळे सुरुवातीचं काम फक्त ओहोटीच्या त्या थोड्या तासांत व्हायचं, पाणी चढायला लागलं की हत्यारं उचलायची आणि बोटीत बसायचं. १८११ मध्ये तिथला दिवा लागला आणि ते बांधकाम आजही उभं आहे. म्हणजे मुलांच्या एका साहसकथेवरून तू ललित लेखाकडे गेलीस आणि तिथून इंजिनियरिंगच्या इतिहासात शिरलीस, आणि या वाटेवर कुठेही "चला, आता जरा वेगळं वाचूया" असं म्हणावं लागलं नाही.

आणि याच माणसाने, ट्रेझर आयलंडच्या आगेमागे, १८७९ ला एका गाढवाबरोबर फ्रान्समधल्या डोंगरातून केलेल्या पायी प्रवासाचं पुस्तक काढलं, १८८५ ला लहान मुलांच्या कवितांचं, आणि १८८६ ला डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडची ती भयंकर गोष्ट. सात वर्षांत प्रवासवर्णन, साहसकथा, बालकविता आणि भयकथा! लिहिणाऱ्याने कप्पे केले नव्हते, मग आपण का करायचे.

आता तुझी खरी अडचण, दुसरं काही घेतलं की जमत नाही. मला वाटतं तू सगळी पुस्तकं थ्रिलरच्या स्पीडने वाचतेयस. घाटात आणि हायवेवर एकाच गियरमध्ये गाडी चालवली तर दोष रस्त्याचा नाही. थ्रिलर पळवतं, ते लिहिलेलंच तसं असतं. कवितासंग्रह तसा वाचलास तर अर्ध्या तासात संपेल आणि हाताला काहीच लागणार नाही, एका वेळी एकच कविता घे, दोनदा वाच, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि पुस्तक बंद कर, बास. कथासंग्रहातही एका कथेनंतर लगेच दुसरी नको, पहिली थोडी मुरू दे. नाटक मनातल्या मनात वाचू नकोस, संवाद तोंडाने म्हण, शक्य असेल तर दोघीतिघी मिळून पात्रं वाटून घ्या, नुसतं वाचताना कोरडं वाटलेलं वाक्य आवाज मिळाला की कसं उठून उभं राहतं ते बघ. विज्ञानाच्या पुस्तकात एखादा परिच्छेद डोक्यावरून गेला तर पेन्सिलने बारीक खूण करून सरळ पुढे जा, सगळं समजल्याशिवाय पान उलटायचं नाही हा अभ्यासाच्या पुस्तकांचा नियम झाला, तो इथे आणायचा नाही, बऱ्याचदा पुढच्या धड्यातल्या उदाहरणाने मागचं आपोआप उलगडतं. आणि ग्राफिक नॉव्हेलमध्ये तर शब्द वाचून झाले म्हणजे पान झालं असं समजूच नकोस, निम्मी गोष्ट चित्रांत असते.

कप्प्यांचं निघालंच आहे तर हेही सांगते. अनेक लायब्रऱ्यांमध्ये पुस्तकं ज्या नंबरांनी लावतात ती पद्धत मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये काढली, सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वर्ग आणि प्रत्येकाचे पोटभाग. त्यात साहित्य ८०० मध्ये येतं. पण परीकथा आणि लोककथा ८०० मध्ये नसतात, त्या ३९८.२ ला, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या भागात, चालीरीतींच्या शेजारी. कॉमिक्स ७४१.५ ला, ड्रॉइंगच्या पुस्तकांजवळ. कादंबऱ्यांच्या रांगेतच फिरत राहिलीस तर ही दोन्ही तुला वर्षानुवर्षं भेटणारच नाहीत, ती दोन कपाटं पलीकडे असून! म्हणून लायब्ररीत गेलीस की एक फेरी अशी मार ज्यात तुझं नेहमीचं कपाट येतच नाही. आणि लोकांनी परत केलेली, अजून जागेवर न लावलेली पुस्तकं जिथे ठेवलेली असतात तिथे जरूर डोकाव, तिथे स्वयंपाकाच्या पुस्तकावर खगोलशास्त्र आणि त्यावर कुणाचीतरी डायरी असं काहीही असतं, आणि प्रत्येक पुस्तक नुकतंच कुणीतरी मुद्दाम घरी नेलेलं असतं. फोनवरची रेकमेंडेशन्स तू काल काय वाचलंस त्यावरून उद्याचं सुचवतात, ती वापर की, पण त्यांच्याकडून अशा सरमिसळीची अपेक्षा धरू नकोस.

वयाचं काय? "ही तर लहान मुलांची पुस्तकं" असं तू मेसेजमध्ये एका ठिकाणी म्हटलंयस, त्यावर मला जरा भांडायचंय. वयोगटाचा शिक्का मुख्यतः मांडणीसाठी आणि विकत घेणाऱ्या आईबापांसाठी असतो. पिक्चरबुक साधारण ३२ पानांचं असतं, छपाईच्या कागदाच्या घड्या तशा सोयीच्या बसतात म्हणून, आणि एवढ्याशा जागेत पूर्ण गोष्ट सांगायची तर प्रत्येक पान उलटणं हिशोबात धरावं लागतं. मॉरिस सेंडॅकचं व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर, १९६३ चं पिक्चरबुक, ते एकदा नीट बघ. सुरुवातीला चित्र छोटं, भोवती भरपूर कोरी जागा. मुलाचा राग जसजसा वाढतो, त्याच्या खोलीत जंगल उगवायला लागतं, तसतसं चित्र मोठं होत जातं, कोरी जागा खात जातं, शेजारच्या पानावर सरकतं, आणि ते प्राणी धिंगाणा घालतात तेव्हा सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही, नुसतं चित्र. मग राग उतरतो, चित्र परत आवरतं, आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त काही शब्द. रागाचं चढणं उतरणं केवळ चित्राच्या आकारातून सांगितलंय. हे चार वर्षांच्या मुलाला जाणवतं आणि तुला समजेल, दोन्ही हवं.

अनोळखी विषयाला हात घालायचा तर मी आजही आधी मुलांसाठी लिहिलेलं माहितीचं पुस्तक घेते. बारा वर्षांच्या मुलाला ज्वालामुखी समजावणाऱ्या लेखकाला अवघड शब्दांमागे लपता येत नाही, त्याला स्वतःला नीट कळलेलं असावंच लागतं. हां, मुलांची सगळी पुस्तकं चांगली नसतात, पानोपानी उपदेश करणारी भरपूर आहेत, ती मुलांनाही आवडत नाहीत, तूही सोडून दे.

आणि वयाची शिडी वरच्या बाजूलाही चढ, हे कुणी सांगत नाही म्हणून आवर्जून सांगते. तुझ्या वयाच्या मुलींची पुस्तकं तुला सापडतीलच, पण साठीतल्या माणसाने लिहिलेल्या आठवणी, म्हाताऱ्या मैत्रिणींची पत्रं, लांबलेल्या आजारपणाची डायरी, जोडीदार गेल्यानंतर लिहिलेलं पुस्तक, हे आत्ताच वाच. तिथे पोचल्यावर वाचण्यापेक्षा आत्ता वाचण्याचा फायदा असा की तुझ्या आजूबाजूची मोठी माणसं आतून कशी असतील याचा अंदाज यायला लागतो.

आवडलं नाही तर सोडायची पूर्ण परवानगी आहे, त्याचं ओझं घेऊ नकोस. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन लायब्रेरियनचा एक नियम मला पटतो, ५० पानं द्यायची, नाही रमलो तर खाली ठेवायचं, आणि पन्नाशी उलटली की १०० मधून आपलं वय वजा करून तेवढीच पानं द्यायची, कारण वेळ कमी उरलेला असतो. तुझ्याकडे वेळ आहे, तू पूर्ण पन्नास दे. वीस पानांवर सोडतेयस ते लवकर होतंय, नव्या प्रकाराची चाल अंगवळणी पडायलाच तेवढी पानं जातात. आणि सोडलेल्या पुस्तकाचं नाव लिहून ठेव, दोनतीन वर्षांनी परत उघडून बघायला. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असा आहे आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा. मी तर म्हणते तोच वाचक वेगळ्या वयात वेगळा असतो, त्यामुळे आज न जमलेलं पुस्तक तुझं नाहीच असं ठरवून टाकू नकोस.

एक काम मात्र या आठवड्यात कर. "कुठलं पुस्तक चांगलं आहे?" असं कुणाला विचारू नकोस, त्यावर माणसं भारी वाटतील अशी नावं सांगतात, स्वतः न वाचलेलीसुद्धा. त्याऐवजी विचार, "कुठलं पुस्तक परत वाचलंस?" ओळखीतल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला विचार, तो बहुतेक पुस्तकच आणून हातात देईल, आणि सगळ्यात मोठ्या माणसाला विचार. मोठ्यांना पुष्कळदा नाव आठवत नाही, लेखकही आठवत नाही, पण गोष्ट आठवते, कव्हरवर काय होतं ते आठवतं, कुणाकडून आणलं होतं तेही आठवतं. ते सगळं जसंच्या तसं लिहून घे आणि मला पाठव, नाव आपण दोघी मिळून शोधू.

तुझी,
ताई