पाणी तीनदा, वाटी दोनदा

"मॅडम, कुणी जेवायला यायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून झोप उडते." समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जणींकडून मी हे वाक्य ऐकते, आणि म्हणणाऱ्या बहुतेक सुगरण असतात. म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काकूंच्या परसात दोडका, घेवडा, मायाळू आणि मोरीच्या पाण्यावर माजलेला अळू. भाजी गल्लीभर वाटायच्या, पण घरात पाहुण्याचं ताट मांडलं जात नव्हतं. लग्न होऊन नवीन आल्या तेव्हा त्यांनी केलेलं अळूचं फदफदं खाजलं होतं. "हिला अळूसुद्धा जमेना," सासूबाई चारचौघांत म्हणाल्या. त्याला पस्तीस वर्षं झाली.

तीन-चार भेटींनंतर मी सुचवलं, एकालाच बोलवा आणि अळूच करा. वरच्या खोलीत मेसचं जेवणारा कॉलेजचा मुलगा राहायचा, त्याला बोलावलं. देठं सोलली, चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळा, चिंच-गूळ, सगळं घातलं.

पुढच्या भेटीत काकू पडेल चेहऱ्यानं आल्या.

"खाजला असणार. तो तीनदा पाणी प्यायला."

"आणि वाटी किती वेळा मागितली?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दोनदा."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं शिकावं लागलं. काकूंचे डोळे भरून आले. "तो म्हणाला, काकू, आईची आठवण आली. मी म्हटलं, त्यात काय, घरचाच तर अळू."

पाण्याचे घोट मोजले होते. वाट्या मोजल्याच नव्हत्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते; प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त त्रास देतो, असं ती सांगते, आणि मराठीत ती एका अक्षरात सापडते असं मला वाटतं: 'च'. "पाहुण्याला आवडायला हवं" ही इच्छा झाली. "आवडायलाच हवं" म्हटलं की जेवणाची परीक्षा होते. आदल्या रात्री मनातलं वाक्य कागदावर लिहा आणि हा 'च' शोधा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानं घसा खवखवतो. आंबट घालून, नीट शिजवून आपण काळजी घ्यायची. तरी खाजला, तर खाजरा अळू ठरेल, तुम्ही नाही. आणि कुणी कौतुक केलं तर "त्यात काय" म्हणून ते परत पाठवू नका. "बरं वाटलं" म्हणा आणि थांबा. हे फार अवघड जातं, करून बघा.

श्रावणात काकूंनी त्या मुलाला पुन्हा बोलावलं, या वेळी दोन मित्रांसह. वाढताना काय म्हणालात, मी विचारलं.

"म्हटलं, खाजला तर सांगा रे, आमसुलं आहेत घरात."