गाडीच्या इंजिनासाठी ऑईल कॅच कॅन घरी बनवता येतो का? कॉम्प्रेसरचा फिल्टर चालेल का?

ऑईल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल अडवून साठवणारा डबा. तो घरी बनवता येतो, आणि नीट बनवला तर विकतच्या डब्याइतकंच काम करतो. तुमची गाडी टर्बो पेट्रोल आहे, डायरेक्ट इंजेक्शनची. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपात तेल दिसलं म्हणून तुम्ही हवेच्या कॉम्प्रेसरला लावतात तो पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा विचार करताय. तो फिल्टर मात्र नको. कारण सांगतो, पण आधी डबा कशाच्या वाटेत बसतो ते बघू.

प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतो. नव्या कोऱ्या इंजिनातही हे होतंच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि वाटेत ऑईलचे बारीक थेंबही मिसळतात. पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. १९६०च्या दशकात पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू बाहेर काढण्याची) पद्धत रूढ झाली आणि तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, नेऊन जाळायला सुरुवात झाली. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, त्यामुळे तिथला चिकटा बराचसा धुऊन निघतो. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हवर आलेलं तेल तिथेच भाजतं आणि काळा थर धरतो. म्हणून तुमच्या गाडीला डब्याचा उपयोग आहे. टर्बो नसलेल्या साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीसाठी मी कुणाला हा खटाटोप सांगणार नाही. आणि हेही लक्षात असू द्या की डबा नवा थर धरण्याचा वेग कमी करतो. आधीच साचलेला थर त्याने निघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टर्बो इंजिनात या वायूला सहसा दोन वाटा असतात. आयडलला (गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असताना) आणि हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून सरळ मॅनिफोल्डमध्ये जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आला की ती वाट चेक व्हॉल्व्हने (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेने) बंद होते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आधी येतो. म्हणजे तुम्ही पाहिलेलं तेल या दुसऱ्या वाटेने आलंय, किंवा टर्बोच्या सीलमधून. पहिल्या वाटेवर कितीही चांगला डबा बसवला तरी ते थांबणार नाही. व्हॉल्व्ह जपायचे असतील तर पीसीव्हीच्या नळीवर डबा हवा, इंटरकूलर कोरडा ठेवायचा असेल तर टर्बोकडे जाणाऱ्या नळीवर. दोन्ही हवं असेल तर सरळ दोन डबे करा. चेक व्हॉल्व्ह न लावता दोन्ही नळ्या एकाच डब्यात आणल्या तर बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये शिरेल. काही इंजिनांत पहिली वाट व्हॉल्व्ह कव्हरच्या आतच घडवलेली असते, बाहेर नळीच नसते. बॉनेट उघडून आधी ते तपासा.

डबा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा घ्या, दोनेक मिलिमीटर जाडीचा, अर्धा ते पाऊण लिटरचा. आयडलला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ ते ०.७ बारने कमी असतो. पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिकची बाटली त्याने आत चेपते. आत येणारी नळी डब्याच्या मध्यापर्यंत खाली उतरवा आणि बाहेर जाणारं तोंड वर, विरुद्ध बाजूला ठेवा. दोन्ही तोंडं समोरासमोर आली तर वायू सरळ पार निघून जातो. त्याला वळावं लागलं, त्याचा वेग मंदावला, थंड धातूचा स्पर्श झाला, की उकळत्या भांड्याच्या झाकणावर वाफ जमते तसे थेंब जमतात. दोन तोंडांच्या मधे छिद्रं पाडलेली पट्टी, तिच्यावर स्टेनलेसची जाळी आणि वर पुन्हा तशीच पट्टी, एवढं पुरतं. जाळी ठासून भरू नका. भांडी घासायची साधी तारेची घासणी तर अजिबात नको: ती गंजते, तुटते आणि तिचा तुकडा बाहेरच्या तोंडातून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो. वेल्डिंग झाल्यावर आतला कीस आणि वेल्डिंगचे कण धुऊन काढा, पुन्हा धुवा.

डबा तेल किती पकडतो यापेक्षा इंजिनाचा ब्रीदर (क्रँककेसमधला वायू बाहेर पडण्याची वाट) कुठे आवळला जात नाही ना, याची काळजी जास्त घ्या. कॉम्प्रेसरचा फिल्टर इथेच नापास होतो. त्याची तोंडं बहुतेक वेळा पाव इंचाची असतात, भांडं पॉलिकार्बोनेटचं असतं आणि पेट्रोलच्या वाफेने व उष्णतेने त्याला तडे जातात. काहींचा ड्रेन दाब नसला की आपोआप उघडतो, म्हणजे व्हॅक्यूमवर हवा आत खेचायला मोकळं भोक. क्रँककेसमध्ये दाब कोंडला तर ऑईल सील गळायला लागतात. म्हणून नळीचा आतला व्यास मूळ नळीएवढाच ठेवा, कुठेही कमी नको. नळी नायट्राइल रबराची, तेल सोसणारी घ्या. पाण्याची पारदर्शक नळी गरम झाली की मऊ पडते आणि व्हॅक्यूमने चपटी होते. नळीला मधे झोळ देऊ नका. तिथे पाणी साचतं आणि कडाक्याच्या थंडीत गोठून वाट बंद करतं.

डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, वारा लागेल अशा जागी, बॉडीला ब्रॅकेटने पक्का बसवा. इंजिन हलतं, तेवढी ढील नळ्यांना द्या. बसवण्याआधी एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथून सेन्सरने न मोजलेली हवा इंजिनात जाणार, आयडल वरखाली होणार, चेक इंजिनचा दिवा लागणार.

डब्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडायचा सल्ला अनेक जण देतील. तसं करू नका. रस्त्यावरच्या गाडीला अनेक देशांत ते बेकायदा आहे, वास केबिनमध्ये येतो आणि १९६०च्या आधी जे हवेत जात होतं तेच आपण पुन्हा हवेत सोडतो.

बसवण्याआधी आणि नंतर एक चाचणी करा. इंजिन आयडलला ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर ठीक. नुसती थरथरली तरी चालेल. आधी आत जात होती आणि आता फुगते आहे, तर तुमचा डबा वाट अडवतोय. गाडी बाहेर काढू नका.

पहिल्यांदा हजार किलोमीटरनंतर उघडून बघा आणि किती साचतं त्यावरून पुढचा अंदाज बांधा. थंडीत त्यातून पिवळट-पांढरं, दाट, पेट्रोलच्या वासाचं पाणी निघतं. ते पाहून घाबरू नका, त्यात बराच भाग वाफेचाच असतो. ते परत इंजिनात ओतू नका, वापरलेलं ऑईल जिथे गोळा करतात तिथे द्या. डबा अर्ध्याच्या वर भरू देऊ नका, नाहीतर एखाद्या वळणावर सगळं एकदम इनटेकमध्ये ओढलं जाईल. आणि साचण्याचं प्रमाण अचानक वाढलं, तर डबा मोठा करण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या.