हवामान बदललं तर शेतकऱ्याने पद्धत बदलावी, त्यात जमिनीच्या मालकीचा काय संबंध?

तुम्ही विचारलंय की शेतीची चांगली तंत्रं उपलब्ध असताना जमिनीचे कायदे, करार, मालकी यांची चर्चा मध्ये का येते. माझ्या मते ती मध्ये येत नाही, तिथूनच सुरुवात होते.

आधी माती. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. उघड्या रानावर टपोरे थेंब आदळले की ढेकळं फुटतात, बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. पुढच्या सरीचं पाणी मग मुरत नाही, वरची कसदार माती घेऊन निघून जातं. पाऊस सरासरीइतका होऊनही थोडी उघडीप मिळताच पीक माना टाकतं, त्याचं एक कारण हे. इलाज सगळ्यांना पाठ आहेत: जमीन झाकलेली ठेवा, सेंद्रिय कर्ब (शेणखत, पालापाचोळा कुजून मातीत साठणारा कार्बन) वाढवा, बांधबंदिस्ती करा, झाडं राखा.

पण कर्ब नजरेत भरण्याइतका वाढायला पाच-दहा वर्षं सहज जातात. जमीन वर्षाच्या तोंडी बोलीवर खंडाने घेतलेली असेल तर शेणखत आज मी घालणार आणि त्याचा फायदा पुढचा कसणारा खाणार. त्या जागी मी असतो तर युरिया टाकून मोकळा झालो असतो. याला कोणी अडाणीपणा म्हणतं तेव्हा मला राग येतो, कारण हिशोब अगदी बरोबर आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं उदाहरण बघा. तिथे वसाहतकाळापासून झाडं सरकारच्या मालकीची मानली जात. शेत तुमचं, पण त्यातलं झाड विनापरवाना तोडलंत तर दंड. मग झाड वाढू कोण देईल? शेत साफ करताना फुटवे खुडून टाकलेलेच बरे. 1980च्या दशकात मरादी भागात टोनी रिनौडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं की जमिनीखाली जुनी खोडं-मुळं जिवंत आहेत, रोपं लावायची गरजच नाही, फक्त फुटवे राखायचे. हळूहळू वनखात्याचा जाच सैल झाला, शेतातलं झाड आपलं असा भरवसा लोकांना आला आणि देशात सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत उभी राहिली. त्यातलं गाओ नावाचं झाड तर कमालीचं आहे: ते पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणजे ऐन पिकाच्या वेळी सावली धरत नाही, आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं. झाड पूर्वीही तेच होतं, बदलला तो मालकीचा भरवसा.

मात्र 'सातबारा हातात आला की माती वाचली' असंही समजू नका. अमेरिकेत 1862च्या होमस्टेड कायद्याने लोकांना 160 एकर जमीन मिळायची, अट होती पाच वर्षं तिथे राहून ती कसण्याची. पुढे हीच पद्धत कोरड्या गवताळ मैदानांवर गेली आणि मातीला धरून ठेवणारं गवत नांगराखाली गेलं. 1930च्या दशकात दुष्काळ पडला आणि धुळीची वादळं उठली. मालकीची कागदपत्रं पेटीत शाबूत, माती मात्र शेजाऱ्याच्या शेतात! एकट्याने आपलं रान झाकून भागत नव्हतं, कारण धूळ बांध ओळखत नाही. 1935 मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना स्थानिक मृदसंधारण मंडळांसाठी नमुना कायदा पाठवला, म्हणजे एका भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं.

कुरणांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. जगातल्या शेतजमिनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग चराईचा आहे. त्यातल्या बऱ्याच जागी एकेकाची मालकी नसते, सामायिक वहिवाट असते, आणि सरकारी नकाशात तीच 'पडीक' दिसते. पाऊस कमी झाला की जनावरं दुसरीकडे हलवणं हाच पशुपालकांचा खरा बचाव. कुंपण घातलं गेलं की तो बचाव गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेशी निगडित समितीने 2012 मध्ये जमीनहक्कांबाबत मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात वहिवाटीच्या हक्कांनाही मान्यता आहे. पण ती ऐच्छिक आहेत.

तेव्हा कुठलीही 'हवामानपूरक शेती'ची योजना वाचाल तेव्हा बियाण्याच्या आधी एवढं बघा: कसणाऱ्याचा करार किती वर्षांचा आहे, आणि अनुदान त्याच्या खात्यात जातंय की मालकाच्या.