वडिलांचं रिव्हॉल्व्हर कपाटात, आणि शोध नव्याचा

प्रश्न : मी कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा अडत्या आहे. हंगामात रोकड घेऊन काटोल, सावनेर, कधी पुढे सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत जावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी पारडीजवळ दुचाकीवरच्या दोघांनी गाडी अडवून चाकू दाखवला. मागून ट्रक आला म्हणून वाचलो. तक्रार केली नाही. आता शर्टाखाली दिसणार नाही असं लहान रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं आहे. कोणतं घ्यावं? परवाना येईपर्यंत बाबांचं 32 बोअरचं रिव्हॉल्व्हर जवळ ठेवलं तर चालेल का? बाबा जाऊन 14 महिने झाले. रिव्हॉल्व्हर, डब्यातली काडतुसं आणि त्यांचा परवाना आलमारीत तसाच आहे. ते वजनदार आहे, ते देऊन लहान घेता येईल का? एक ओळखीचा 'विनाकागदाचं' देतो म्हणतो. पत्नीचा या सगळ्यालाच विरोध आहे. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे.
– एक व्यापारी, नागपूर

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलं नव्या रिव्हॉल्व्हरबद्दल, पण मला झोप लागू देणार नाही ते आलमारीतलं. त्याचंच आधी सांगते, कारण ते आज-उद्या करायचं काम आहे.

शस्त्रपरवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नसतो. बाबा गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे शस्त्राचा ताबा असा बेकायदा झाला की ते विनाविलंब जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. तुमच्याकडे ते 14 महिने पडून आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. "ते बाबांचं होतं, आम्ही हातही लावला नाही" हे मला पटतं. कायद्यात मात्र जाणीवपूर्वक ताबा पाहिला जातो, आणि आलमारीत काय आहे ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

जवळ ठेवून फिरणं तर सोडूनच द्या. परवानाधारकाचं शस्त्र दुसऱ्याने नेण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी, आणि तीही तो समोर असताना किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर. गेलेल्या माणसाच्या परवान्यावर शस्त्र नेता येत नाही. पारडी नाक्यावर गाडी तपासली गेली आणि कमरेला ते सापडलं, तर तुम्ही लुटीतून वाचलेले व्यापारी आहात हे त्या रात्री कोणी विचारणार नाही.

आता करायचं काय? ठाणेदारांच्या नावाने साधा अर्ज लिहा, दोन प्रतींत. बाबांचं नाव, परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, काडतुसं नेमकी किती, मृत्यूची तारीख आणि उशिराचं खरं कारण त्यात घाला. कारण रंगवू नका. नियम माहीत नव्हता, तर तेवढंच लिहा. सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना. शस्त्र स्वतः उचलून स्कूटरच्या डिक्कीत टाकून नेऊ नका. आधी ठाण्यात कळवा आणि ते सांगतील तसं वकिलासोबत जा, किंवा त्यांना घरी येऊ द्या. ते भरलेलं आहे की रिकामं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून धरून चला की भरलेलं आहे. ते उघडून पाहायचं काम जाणत्या माणसाचं आहे. जमा झाल्यावर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

गुन्हा दाखल होईल का, ही धास्ती तुम्हाला वाटणारच. होणारच नाही अशी हमी मी देत नाही. पण विनापरवाना ताब्याच्या प्रकरणात खटला भरायला कलम 39 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे या कायद्यापुरते जिल्हादंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. नागपूर शहरात परवाना देणारेही तेच. म्हणजे ज्यांच्याकडे उद्या तुम्ही परवाना मागणार, त्यांच्याच टेबलावर हा विषय जाणार. तिथे तुमचं नाव स्वतःहून शस्त्र आणून देणारा वारस म्हणून पोहोचणं आणि झडतीत सापडलेला माणूस म्हणून पोहोचणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जमा केलं म्हणजे बाबांची वस्तू गेली, असंही नाही. ठराविक मुदतीत तुम्ही परवाना मिळवून ते परत घेऊ शकता किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकता. मुदत गेली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकतं. 2016 च्या शस्त्र नियमांत मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आई आणि बहीण-भाऊ असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आताच करून ठेवा. पुढे घरात वाटणीवरून बिनसलं की हाच कागद अडतो.

त्या ओळखीच्या माणसाबद्दल एवढंच, की त्याचा फोनही घेऊ नका. विनापरवाना शस्त्र विकणाऱ्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. तो पकडला गेला की गिऱ्हाइकांची नावं पहिल्या दिवशी सांगतो. आणि त्या कट्ट्याने आधी काय झालं आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता परवान्याकडे येते. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, अमेरिकेसारखी स्थिती इथे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे तुम्हाला सबळ कारण दाखवावं लागतं. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्ता धोक्यात असणं हे कारण नियमांत बसतं, आणि तुमचं प्रकरण तसंच आहे. पण ते आज कागदावर कुठेच नाही! पारडीच्या प्रसंगाची तक्रारच नाही, मग पोलीस अहवालात धोका दिसणार कसा? म्हणून ती तक्रार आता द्या. दोन महिन्यांचा उशीर झाला म्हणून तक्रार मरत नाही, फक्त उशिराचं कारण लिहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली हद्द कोणाची, यावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. त्या ट्रकवाल्याचा पत्ता लागला तर उत्तमच. रोकड ने-आण दाखवणाऱ्या बँकेच्या नोंदी, अडतीचा परवाना, विवरणपत्रं सोबत जोडा.

तुमचं राहतं घर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येतं की ग्रामीणमध्ये, ते आधी पाहा. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते केवळ कागदासाठी घेऊ नका, मनापासून शिका. नकार आला तर लेखी कारणं मागा आणि 30 दिवसांत शस्त्र अधिनियमाच्या कलम 18 खाली अपील करा. अर्जात पूर्ण महाराष्ट्रापेक्षा मोठं क्षेत्र हवं असेल तर ते स्वतंत्रपणे मागावं लागतं, आणि तुमच्यासाठी हा मुद्दा लहान नाही. सावनेर ओलांडून सौंसरच्या रस्त्याला लागलात की मध्य प्रदेश. महाराष्ट्रापुरता परवाना तिथे चालत नाही. सीमेपलीकडे ते शस्त्र तुमच्या कमरेला असेल तर तुम्ही पुन्हा आजच्याच जागी, विनापरवाना.

लहान रिव्हॉल्व्हर कोणतं, या प्रश्नाला कायद्याने बरीचशी कात्री आधीच लावली आहे. .38, .455, 9 मिमी हे बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची मापं) सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यांना केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. परदेशी रिव्हॉल्व्हर सामान्य माणसाला आयात करता येत नाही. जुना माल हातोहात फिरतो, त्याच्या किमती ऐकून तुम्ही हंगाम विसराल. उरतं बहुतेक 32 बोअर, म्हणजे मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. (आपल्या अंबाझरीच्या कारखान्यात रिव्हॉल्व्हर मिळतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तिथे तोफगोळे आणि रॉकेटचं काम चालतं.) कानपूरचं 'निर्भीक' 2014 मध्ये आलं. टायटॅनियमचं मिश्रधातू वापरलेलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. 2023 मध्ये आलेलं 'प्रबल' सुमारे 700 ग्रॅमचं, 76 मिमीची नळी, आणि 50 मीटरचा पल्ला सांगितला जातो. इशापूरच्या 22 बोअरच्या 'निडर'चं वजन तर अवघं 250 ग्रॅम. अंगावर बाळगायला हलकं बरं, हे खरंच. पण माझ्या अशिलांपैकी ज्यांनी वजन पाहून घेतलं त्यांना सरावात धक्का झेपला नाही, आणि ते रिव्हॉल्व्हर पुन्हा आलमारीतच गेलं. म्हणून हातात धरून, सराव करून मग निवडा. बाबांचं वजनदार रिव्हॉल्व्हर कदाचित तुमच्या हातात अधिक स्थिर राहील. ते आधी वारस म्हणून परवान्यावर चढवा. एका परवानाधारकाला दोन शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घाईने विकायची गरज नाही.

'दिसणार नाही असं' या शब्दांत तुम्हाला थोडा अपराधी भाव वाटतो आहे असं पत्रावरून जाणवलं. तो ठेवू नका. 2016 च्या नियमांतच आहे की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या नियंत्रणात असलं पाहिजे. झाकणं हा नियम आहे, दाखवणं गुन्हा. नोटांच्या बॅगेत मात्र ते टाकू नका, बॅग ओढली की दोन्ही जातात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचा आवार इथे परवान्याच्या अटींनुसार नेता येत नाही. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल भागात किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत जाणार असाल तर ते घरी. निवडणुकीत ते जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, तेव्हा पोच जपून ठेवा. आणि कोणाच्या वरातीत हवेत गोळी झाडलीत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सर्वांत कठीण भाग गोळी झाडण्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. चाकू गळ्याला लागलेला असताना, मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असताना तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. आता पारडीचा तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ट्रकचे दिवे दिसले, दोघं दुचाकीवर बसून वळले, पाठ तुमच्याकडे. त्या क्षणी हक्क संपला. लूट चालू असेपर्यंत, जीवाची किंवा अडकवून ठेवल्याची भीती चालू असेपर्यंतच तो टिकतो. पाठीत गोळी लागली तर फिर्यादी ते असतील आणि आरोपी तुम्ही. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारीही तुमच्यावर. तिघांनी गराडा घातला तर लहान रिव्हॉल्व्हर काढायला लागणारे दोन सेकंद तुम्हाला मिळतील का, याचा विचार दुकानात नाही, आज घरी बसून करा.

वहिनींचा विरोध मला चुकीचा वाटत नाही. परवाना मिळालाच तर शस्त्र कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्या अंगावर, हे त्यांच्यासमोर ठरवा. नऊ वर्षांच्या मुलीला आलमारीची किल्ली कुठे असते हे माहीत असतं. तुमच्या मुलीला ती जागा आज माहीत आहे का, ते मला विचारायचं होतं.

परवान्याला महिने लागतील. तोवर रोजची वेळ आणि रस्ता बदला, सोबत एक माणूस घ्या, आणि ज्या शेतकऱ्यांची बँकेत खाती आहेत त्यांचे पैसे थेट खात्यात टाका. काटोलचे बरेच बागाईतदार आता त्याला तयार असतात. ठाण्यातली पोच आणि तक्रारीची प्रत मिळाली की दोन्ही घेऊन भेटा. वारसाचा अर्ज आपण त्याच आठवड्यात लावू.