व्हीआयएफ 17 आला, आता थीसिस गेला का?

पीएचडीवाल्यांचं काउन्सेलिंग म्हटलं की लोकांना वाटतं गाइडशी भांडण, घरचं प्रेशर वगैरे, पण सबमिशन तोंडावर आलं की कित्येक जण एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं आउटपुट घेऊनच रडवेले होऊन येतात. मागे एक मुलगी आली, फ्लॅटच्या किमतींवर काम करणारी. "मॅडम, आर स्क्वेअर 0.91 आहे, एफ टेस्ट झकास, पण एकही व्हेरिएबल सिग्निफिकंट नाही आणि बेडरूम वाढल्या की किंमत उतरते असं येतंय. सगळा डेटा परत गोळा करावा लागेल का?" म्हणजे मॉडेल एकूण किंमत छान सांगतं, पण त्यातली कुठली गोष्ट किंमत ठरवते ते एकेकटं सिद्ध होत नाही.

म्हटलं आधी पाणी पी. मग टेबल उघडलं तर कार्पेट एरिया, बिल्ट-अप एरिया, बेडरूम, तिन्ही एकाच मॉडेलमध्ये! अगं बिल्ट-अप म्हणजे कार्पेटच की, वर बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी. दोघांचं कोरिलेशन, म्हणजे एकमेकांबरोबर हलणं, 0.97, जवळजवळ पूर्ण 1. व्हेरिएबल्स अशी एकमेकांत गुंतली की त्याला मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात, आणि ती किती ते व्हीआयएफ (व्हेरियन्स इन्फ्लेशन फॅक्टर) सांगतो. तिलाच कॅल्क्युलेटर दिला: वर्ग 0.94, एकातून वजा केला की 0.06, हा टॉलरन्स, म्हणजे व्हेरिएबलचा स्वतःचा वेगळा उरलेला भाग, एकाला त्याने भाग की व्हीआयएफ निदान 17 च्या आसपास, आणि त्याचं वर्गमूळ चारच्या वर, म्हणजे स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) चौपट फुगलेला, मग त्याने भागून येणारी टी व्हॅल्यू मोठी कुठून येणार. ओझं दोघांनी मिळून उचललंय, कोणी किती ते मॉडेलला सांगता येत नाही, एवढंच.

डेटा चुकलेला नाही हे कळल्यावर चेहरा जरा सुटला. लॉन्गली नावाच्या संशोधकाने 1967 मध्ये छापलेला अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा डेटा आहे, 1947 ते 1962, फक्त 16 ओळी, त्यात जीएनपीचा (एकूण राष्ट्रीय उत्पन्नाचा) व्हीआयएफ हजाराच्या वर जातो, तू 17 काय घेऊन बसलीस!

बिल्ट-अप काढलं. कार्पेट ठेवलं कारण 2016 च्या रेरा कायद्यात त्याची नीट व्याख्या आहे. व्हीआयएफ 3 च्या आत, कार्पेट सिग्निफिकंट. बेडरूमचं चिन्ह मात्र उणेच राहिलं आणि ती परत घाबरली. पण एरिया तेवढाच ठेवून बेडरूम वाढवल्या तर खोल्या खुराड्याएवढ्या होणार ना, गिऱ्हाईक कमी पैसे देऊ शकतं की. प्रत्येक उलटं चिन्ह मल्टिकोलिनिॲरिटीच्या माथी मारायचं नाही.

आणि नुसतं कोरिलेशन मॅट्रिक्स बघून निश्चिंत होऊ नका, तीनचार व्हेरिएबल मिळून पाचवं बनवत असतील तर जोड्या साध्यासुध्या दिसतात, व्हीआयएफमध्ये मात्र सापडतात. व्हीआयएफ 5 च्या वर गेला की घाबरायचं की 10 च्या, यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, दोन्ही ढोबळ मर्यादा आहेत. तिला सांगितलं, जुनं आणि नवं आउटपुट शेजारीशेजारी लाव, काय काढलं आणि का ते दोन ओळीत लिही, आणि ते घेऊनच गाइडकडे जा.