गाडी सोडा, हात आवरा: हौशी बाईक रेसिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की हौशी बाईक रेसिंगबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि इनबॉक्स तुंबला. निम्मे प्रश्न "दोन लाखात कोणती बाईक घेऊ" टाइपचे, ते सरळ बाजूला ठेवलेत, त्यासाठी शोरूमवाले आहेत. उरलेल्यातले हे काही.

दादा, मी चाकणला कंपनीत आहे, वय २४. दर रविवारी आम्ही पाच-सहा जण ताम्हिणीला जातो, ग्रुपमध्ये सगळ्यात फास्ट मीच. मित्र म्हणतात तू रेसिंगमध्ये जा. सुरुवात कुठून करू? आधी बाईकला एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वगैरे करून घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, एक रुपया घालू नकोस बाईकमध्ये. नवीन पोरांची सगळ्यात मोठी चूक हीच, पन्नास हजार एक्झॉस्टवर घालवतात आणि ग्लोव्ह्ज मात्र रस्त्यावरचे चारशे रुपयांचे.

आणि राग मानू नकोस पण ताम्हिणीत फास्ट असण्याचा अर्थ एवढाच की आजपर्यंत वळणावर समोरून एसटी आली नाही. शिवाय पब्लिक रोडवर रेस लावणं हा गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्यांदा सापडलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर वर्षभरापर्यंत. हे घाबरवायला नाही सांगत, कोर्टकचेरीत अडकलास तर रेसिंग राहील बाजूलाच म्हणून सांगतोय.

आता खरं उत्तर. आपल्याकडे रेसिंगचा कारभार एफएमएससीआय बघते, त्यांचं लायसन लागतं, त्याशिवाय अधिकृत रेसमध्ये कोणी उभं करत नाही. रोड रेसिंगचे, म्हणजे डांबरी ट्रॅकवरच्या रेसिंगचे, दोन जुने अड्डे म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, साधारण ३.७ किलोमीटर, १२ वळणं, आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. आपल्या बाजूला कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, छोटा आहे, मुळात कार्टिंगचा, पण सवय करायला छोटा ट्रॅक वाईट नसतो, उलट तिथे वळणं पटापट येतात आणि चुकाही पटापट कळतात. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट ५ किलोमीटरच्या वर आहे, २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप, झाली, पण तुझ्यासाठी ते आत्ता बघायचं ठिकाण आहे, शिकायचं नाही.

तुझ्यासारख्याला खरा दरवाजा म्हणजे वन-मेक रेस. कंपनीच सगळ्यांना सारखी बाईक देते. टीव्हीएसची वन-मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालू आहे, होंडाची टॅलेंट कप आहे, रॉयल एनफिल्डने २०२१ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी कप काढला. आधी सिलेक्शन असतं, त्यात लॅप टायमिंग, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला लागणारा वेळ, बघतात. तिथे तुझ्या एक्झॉस्टला कोण विचारतंय?

पहिल्या दिवशी एक गोष्ट नक्की होणार, आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे खचायला नको. तू जीव तोडून वळणात शिरणार आणि बाहेरच्या बाजूने एक सोळा वर्षांचं पोरगं अगदी आरामात पुढे निघून जाणार. ते तुझ्यापेक्षा शूर असतं असं काही नाही, ते बघतं दुसरीकडे. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, तू पुढच्या चाकासमोरचा डांबर बघत बसलास तर जे दिसतंय ते दिसेपर्यंत मागे पडलेलं असतं. नजर आधी वळणाच्या टोकावर, तिथे पोचायच्या आधी बाहेर पडायच्या जागेवर. ब्रेकचंही तसंच, ताशी ६० वरून थांबायला जेवढं अंतर लागतं त्याच्या चौपट १२० वरून लागतं, दुप्पट नाही, आणि ट्रॅकवर पहिल्या दिवशी जे सरळ ट्रॅकबाहेरच्या ग्रॅव्हलमध्ये (खडीत) जातात त्यातल्या बऱ्याच जणांनी मनात दुप्पटच धरलेलं असतं.

खर्चाचा आकडा सांगत नाही कारण तो माणसागणिक बदलतो, पण क्रम सांगतो: आधी हेल्मेट, लेदरचा वन-पीस सूट, बॅक प्रोटेक्टर, ग्लोव्ह्ज, बूट. मग एखादा ट्रेनिंगचा कोर्स. मग टायर. बाईक सगळ्यात शेवटी. आणि थोडे पैसे पडण्यासाठी वेगळे ठेव. क्लच लिव्हर, फूटपेग, हँडलबार ह्या गोष्टी रेसिंगमध्ये इंजिन ऑइलसारख्याच संपतात.

नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याने अशाच एका सिलेक्शनचा फॉर्म भरलाय. घरात रोज वाद चाललेत. खरं सांगा, कितपत धोका असतो? — साताऱ्याहून एक आई

ताई, धोका नसतो असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर नॅशनल चॅम्पियनशिपच्या रेसमध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. अतिशय गुणी पोरगा होता, त्या वीकेंडच्या उरलेल्या रेस रद्द झाल्या. ही गोष्ट तुमच्यापासून लपवून तुम्हाला समजावणं मला जमणार नाही.

पण पडणं आणि लागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते जरा नीट सांगतो. ट्रॅकवर बहुतेक जण पडतात ते लो-साइड, म्हणजे वळणात टायरची पकड सुटते आणि गाडी कुशीवर घसरत निघून जाते, माणूस तिच्या मागे घसरत जातो. चांगला सूट असेल आणि पुढे मोकळी जागा असेल तर यात बऱ्याचदा खरचटण्यावर भागतं. वाईट असतं ते हाय-साइड. मागचं चाक घसरायला लागतं, घाबरून पोरगा ॲक्सिलरेटर एकदम सोडतो, टायर परत पकड घेतो आणि गाडी झटक्यात सरळ होऊन त्याला वर फेकते. आणि सगळ्यात मोठी भीती तर वेगळीच असते, पडल्यावर मागून येणाऱ्या गाडीची. सूट, हेल्मेट कितीही भारी असू दे, तिथे फार उपयोग होत नाही.

आता ट्रॅक आणि रस्ता यात फरक काय ते बघा. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, दुभाजक नाही, कुत्रं नाही, वाळूचा ढीग नाही. दर वळणावर मार्शल झेंडा घेऊन उभा असतो, पिवळा झेंडा हलला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सगळ्यांनी हळू होऊन परत यायचं. ॲम्ब्युलन्स जागेवर नसेल तर सेशन सुरू होत नाही, आणि कोणी करत असेल तर मुलाला तिथून घेऊन घरी या, बिनधास्त. तुमचा मुलगा सध्या मित्रांबरोबर रात्री हायवेवर जातो का हे एकदा विचारा. जात असेल तर माझं मत विचाराल तर फॉर्मवर सही करा आणि हायवे बंद करा, ही अट घाला.

आणि त्याला हे वाचायला द्या. पडलास की गाडी सोड. हँडल धरून बसलास तर गाडीबरोबर कोलांट्या खाशील. हात पुढे टेकवून स्वतःला थांबवायचं नाही, मनगट आणि कॉलरबोन त्यानेच मोडतात, हात छातीशी आवरून घे आणि घसरत राहा. मग येतो तो क्षण जिथे भलेभले फसतात: वाटतं की थांबलो, पण अजून ताशी तीस-चाळीसने घसरत असतो, उठून उभा राहायला जातो आणि तोंडावर आपटतो. खरंच थांबलोय ना ते जमिनीकडे बघून नक्की कर, मग मागून कोण येतंय ते बघ, आणि गाडीकडे नाही, ट्रॅकच्या बाहेर बॅरियरच्या पलीकडे पळ. गाडी मार्शल उचलतात.

मित्राची रेस बघायला चेन्नईला गेलो होतो. शेवटच्या लॅपला तो पहिला होता आणि फिनिश लाइनच्या अगदी आधी मागचे दोघं सरळ रस्त्यावरच पुढे गेले. गाड्या सारख्याच होत्या ना? मग असं कसं? — एक वाचक, पिंपरी

सारख्या होत्या म्हणूनच! पुढचा हवा कापत असतो, मागचा त्या कापलेल्या हवेच्या पोकळीत बसलेला असतो, त्याच्या इंजिनाला तेवढं काम कमी. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. सारख्या पॉवरच्या गाड्यांमध्ये सरळ रस्त्यावर एवढा फरक पुरतो, मागचा टाकीवर हनुवटी टेकवून पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून बसतो आणि शेवटी एकदम बाजूला निघतो. म्हणून अनुभवी पोरं शेवटच्या लॅपला मुद्दाम दुसरी राहतात, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना पहिलं असणं म्हणजे कधीकधी शिक्षाच. मला विचाराल तर मोठ्या लिटर-क्लास (हजार सीसीच्या) बाईकच्या रेसपेक्षा ह्या दोनशे-तीनशे सीसीच्या रेस बघायला जास्त मजा येते, आठ-आठ गाड्या एका झुबक्यात पहिल्या वळणाकडे सुटतात, आणि चेन्नईचं ते पहिलं उजवं वळण जोरात घ्यायचं आहे, तिथे सगळ्यांना एकच लाइन हवी असते. बघणाऱ्याच्याही हाताला घाम सुटतो.

यातला एक खड्डा मित्राला सांगा. पुढच्याच्या मागे लपलेलं असताना हवा ब्रेक लावायला मदत करत नाही, त्यामुळे नेहमीच्या जागी ब्रेक मारला तरी गाडी थांबत नाही आणि पुढच्याला जाऊन आदळते. जरा आधी मारायचा.

मी सांगलीचा. डर्टवर प्रॅक्टिस करतो, जम्पवरून उतरताना दरवेळी पुढचं चाक आधी टेकतं आणि पडतो. पुण्यात २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस (स्टेडियममध्ये मातीच्या ट्रॅकवर, जम्पवाली रेस) लीग बघितली तेव्हापासून वेड लागलंय.

ती लीग बघून अर्ध्या पश्चिम महाराष्ट्राला वेड लागलंय. तुझं दुखणं हे आहे की जम्पच्या चढाच्या टोकाला तू गॅस (ॲक्सिलरेटर) सोडतोस. भीतीने हात आपोआप बंद होतो, सगळ्यांचाच होतो. मागचं चाक फिरायचं कमी झालं की गाडीचं नाक खाली जातं. म्हणून जम्पचा चढ संपेपर्यंत गॅस एकसारखा ठेव, फूटपेगवर उभा, गुडघे सैल. हवेत असताना नाक खाली जातंय वाटलं तर गॅस दे, नाक वर येतं. उलट गाडी मागे कलंडतेय वाटलं तर क्लच दाबून मागचा ब्रेक हलकेच दाब, नाक खाली येतं. हो हो, हवेत ब्रेक, वाचताना येडपटासारखं वाटतं पण फिरतं चाक थांबवलं की गाडी खरंच पुढे झुकते. आधी गुडघ्याएवढ्या जम्पवर कर. टेबलटॉपवर कर, म्हणजे मधे खड्डा नसलेला, कमी पडलास तरी सपाटीवरच उतरशील. डबल जम्पला, म्हणजे मधे खड्डा असलेल्याला, इतक्यात हात लावू नकोस. आणि मान सांभाळणारा नेक ब्रेस घे बाबा.

ट्रॅक डेला (आपली बाईक ट्रॅकवर चालवायचा दिवस) तपासणीत माझा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, काढायला लावला आणि साधं पाणी भरायला सांगितलं. इंजिनाची वाट लागेल ना?

एका दिवसाने काही होत नाही, घरी आल्यावर परत कूलंट भर. ग्लायकॉलवाला कूलंट ट्रॅकवर सांडला तर ऑइलसारखा निसरडा होतो आणि लवकर वाळतही नाही, तुझ्या मागच्या दहा जणांना पाडशील. ऑइलच्या बोल्टला तार बांधायला लावतात तेही त्याचसाठी, बोल्ट सुटून ऑइल सांडू नये म्हणून. आरसे काढायला लावले म्हणून पण रुसला असशील, ते फुटलेली काच ट्रॅकवर पडू नये म्हणून.

वय ३१, ठाण्यात राहते, नोकरी करते, बाईक चालवायला कॉलेजपासून येते. आता रेसिंग सुरू करणं म्हणजे वेडेपणा का?

चॅम्पियन व्हायचं असेल तर उशीर झालाय, खोटं कशाला बोलू, तिथली पोरं दहाव्या-बाराव्या वर्षी ट्रॅकवर असतात. पण रेस करायची असेल तर अजिबात उशीर नाही. वन-मेकमध्ये बायकांची वेगळी कॅटेगरी आहे, टीव्हीएसने ती २०१६ पासून चालवलीय, सिलेक्शनला नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या अशा बऱ्याच जणी येतात. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने २०१९ मध्ये बाहा रॅलीचा (कच्च्या रस्त्यांवरच्या, वाळवंटातल्या रॅलीचा) महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तीही आधी वीकेंडला बाईक फिरवणारीच होती. तुम्ही फक्त आत्तापासून मान आणि मांड्यांचा व्यायाम सुरू करा, पाच लॅपनंतर आधी दम तिथेच जातो. आणि ऑफिसात सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा, चेन्नईहून रविवारी रात्री निघालात तर सोमवारी सकाळी लॉगिन होत नाही.

रेसमध्ये पडलो तर बाईकचा इन्शुरन्स मिळतो का?

नाही. नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बाहेर ठेवलेलं असतं, बारीक अक्षरात आहे, वाच. तुझी स्वतःची अपघात पॉलिसीपण बघून घे, त्यातही बहुतेकदा तेच असतं. म्हणून फॉर्म भरतानाच आयोजकांना विचार की रायडरचं कव्हर कितीचं आहे आणि हॉस्पिटल कोणतं ठरवलंय. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर पैसे भरू नकोस.