जे नाही ते जाणवतं, म्हणजे ते निव्वळ मनाचे खेळ असतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्ञानेंद्रियांनी घेतलेल्या माहितीचं मेंदूत संवेदन कसं होतं, आणि जे प्रत्यक्षात नाहीच ते एखाद्याला जाणवत असेल तर ते निव्वळ मनाचे खेळ समजायचे का?

पहिला भाग मानसशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मी लिहायला बसलेय ती दुसऱ्या भागासाठी. 'मनाचे खेळ' हे शब्द आमच्या घरात आठ महिने रोज ऐकू येत होते, आणि ज्याला ऐकवले जात होते तो माझा बाप होता, आमचे दादा.

2011 च्या पावसाळ्यात दादांचा उजवा हात कडबाकुट्टीत, म्हणजे चारा बारीक करायच्या यंत्रात गेला. ओल्या मक्याची पेंढी आत सरकवत होते, रोलरनं पेंढीबरोबर हातही ओढला. ज्यांच्या दारात जनावरं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. कोपराखाली वीतभरसुद्धा हात उरला नाही. जखम सव्वा महिन्यात भरली, टाके सुटले, पाहुणे येऊन भेटून गेले. खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं, आणि दुखत होता तो नसलेला हात.

"मूठ आवळलीय," दादा सांगायचे. "नखं तळव्यात रुततायत. सोडाय बघतोय, सुटंना." रात्री दोन-अडीचला उठून गोठ्यात जाऊन बसायचे. आई कंदील घेऊन मागं जायची, तर हे डाव्या हातानं उरलेला दंड दाबून धरून बसलेले, घामानं सदरा भिजलेला.

जिथं हात काढला त्या दवाखान्यात पुन्हा दाखवलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि "मनावर घेऊ नका" असं सांगून पाठवलं. थोरले चुलते, म्हणजे आमचे आप्पा, त्याच्याही पुढं गेले. "हातच न्हाई तर दुखतंय काय? मनाचं खेळ हायत सगळं. मन घट्ट कर." चार लोकांत, जेवायच्या पंगतीत, डेअरीवर, जिथं भेटतील तिथं हेच. लिंबू उतरवून झालं, अमावास्येला नारळ झाला. शेवटी दादांनी दुखतंय म्हणून सांगणंच बंद केलं. दुखणं थांबलं नव्हतं, बोलणं थांबलं. मला राग आहे तो या गोष्टीचा, आणि इतक्या वर्षांनीही तो कमी झालेला नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. पुस्तकात वेदन आणि संवेदन असे दोन शब्द. डोळा, कान, कातडी यांच्याकडून मज्जातंतूंमार्फत जे संदेश जातात ते वेदन, आणि मेंदू त्यांचा जो अर्थ लावतो ते संवेदन. परीक्षेत पाच गुणांना येतो तो फरक. पण मला तो कळला दादांची दाढी होताना.

न्हावी घरी यायचा. एकदा उजव्या गालावर ब्रश फिरवताना दादा एकदम म्हणाले, "अंगठ्याला गार लागतंय." कुठल्या अंगठ्याला? नसलेल्या. मी उठून ओल्या कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या गालावर हळूहळू रेघ ओढली. गालाचं हाड ते जबडा, एवढ्यात त्यांना अंगठा, मग पहिलं बोट, मग तळवा असं ओळीनं जाणवत गेलं. डाव्या गालावर काहीच नाही. न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहिला.

याचं कारण आपल्या कवटीच्या आत आहे. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे शल्यविशारद 1930 च्या दशकात रुग्णाला जागं ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करायचे आणि मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक विद्युतप्रवाह देऊन "काय वाटतंय?" असं विचारायचे. एका ठिकाणी स्पर्श केला की रुग्ण म्हणायचा बोटाला मुंग्या आल्या, जरा बाजूला केला की म्हणायचा ओठाला. हाताला कुणी हातही लावलेला नसायचा. त्यातून शरीराचा नकाशाच तयार झाला. या नकाशात हात आणि ओठ यांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा आहे. म्हणून बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची दोन टोकं वेगवेगळी कळतात, आणि पाठीवर तीच टोकं तीन-चार सेंटिमीटर लांब नेल्याशिवाय एकच वाटतात. घरी कुणाच्या तरी पाठीवर करून बघा.

या नकाशात हाताच्या शेजारी चेहरा आहे. मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात हात गेलेल्या रुग्णांच्या गालावर कापूस फिरवून हेच पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हाताकडून संदेश येणं थांबलं की शेजारचा चेहरा त्या जागेत शिरतो. शेतकऱ्याच्या मुलीला हे समजायला वेळ लागत नाही. रान पडीक दिसलं की शेजारी बांध कोरतोच.

मूठ का सुटत नव्हती, यावरही त्यांचं एक स्पष्टीकरण आहे. मेंदू हाताला 'उघड' असा हुकूम सोडतो, तेव्हा स्नायू, सांधे आणि डोळे 'उघडला' असं उलट कळवतात. (स्नायू-सांध्यांची ही जाण पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत नसतेच. अंधारात घास बरोबर तोंडात जातो तो तिच्यामुळे.) हातच नसेल तर हुकूम जातो, उत्तर येत नाही. दादांचा हात गेला तेव्हा मुठीत पेंढी आवळलेली होती. मेंदूला हाताची शेवटची खबर मिळाली ती तीच.

रामचंद्रन यांचा उपाय आरशाचा होता. भिंतीवरचा आरसा काढून मी पाटावर उभा केला, दादांच्या छातीसमोर बरोबर मध्ये. डावा हात आरशाच्या चकचकीत बाजूला, उजवा दंड पाठीमागं झाकलेला. डाव्या मनगटातलं घड्याळ काढायला लावलं, कारण उजव्या हातात त्यांनी कधी घड्याळ घातलं नव्हतं आणि आरशातला हात त्यांना आपला वाटायला हवा होता. आता दोन्ही मुठी आवळा, आरशात बघत राहा आणि दोन्ही एकदम सोडा. पहिले तीन दिवस काही झालं नाही. मला दाखवायला म्हणून ते करत होते. चौथ्या दिवशी मूठ उघडता उघडता त्यांचा चेहरा बदलला.

"सुटली," म्हणाले. "पोरी, सुटली."

आरसा काढल्यावर थोड्या वेळात मूठ परत आवळली. पण रोज दहा-पंधरा मिनिटं करत गेलो तसं रात्रीचं उठणं कमी झालं. तीन आठवड्यांनी ते पहिल्यांदा पहाटेपर्यंत झोपले. धारेची वेळ टळली तरी आईनं त्यांना उठवलं नाही.

हे बघून आप्पा काय म्हणाले? "आरशानं बरं होतंय म्हंजे खोटंच होतं की. मी काय सांगत होतो?"

तुमच्या प्रश्नातला 'निव्वळ' हा शब्द मला टोचला तो यासाठीच. नसलेला हात दुखतो तो मेंदूत, हे खरं. पण असलेला हातसुद्धा मेंदूतच दुखतो. विंचू चावतो पायाला, आणि कळ तयार होते डोक्यात. वाटेतल्या मज्जातंतूंना भूल दिली तर पाय तोच, विष तेच, कळ मात्र नाही. मग आप्पांची गुडघेदुखी खरी आणि दादांची मूठ खोटी, हे कुणी ठरवलं? दुखण्याला 'मनाचं' म्हटलं की ते रद्द होत नाही. ज्याला दुखतंय तो फक्त एकटा पडतो.

आप्पांना मी एक गोष्ट करून दाखवली, तुम्हीही करा. दुधाच्या पावतीच्या मागं पेनानं डावीकडं फुली काढली आणि उजवीकडं सात-साडेसात सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्या डोळ्यानं फुलीकडंच बघायचं आणि कागद हातभरावरून हळूहळू जवळ आणायचा. साधारण वीतभर-सव्वा वीत अंतरावर ठिपका गायब होतो. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथं बघणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून. सतराव्या शतकात एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे शोधलं. पण ठिपका गेला त्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. तो कोरा कागद डोळ्यानं पाहिलेला नसतो, मेंदूनं आजूबाजूचं बघून भरलेला असतो. हे आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आत्ता, हे वाचतानाही चाललंय.

आप्पा म्हणाले, म्हातारपणाची नजर. मग त्यांच्या नातवाला करायला लावलं, त्याचाही ठिपका गेला. दादा ओट्यावर बसले होते, तिथून म्हणाले, "आप्पा, तुमाला असलेला ठिपका दिसंना, मला नसलेला हात सुटंना." आप्पांनी पावतीची घडी करून खिशात घातली आणि उठून गेले. चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण 'खेळ' हा शब्द त्यांनी दादांसमोर परत काढला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आरसा सगळ्यांना लागू पडत नाही. त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, काहींना तर आरशात बघून गरगरतं किंवा त्रास वाढतो. बांध कोरण्याची गोष्टही पुरती खरी नाही. पुढच्या काळातल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये असं दिसलंय की हात जाऊन अनेक वर्षं झाली तरी मेंदूतली हाताची जागा बऱ्याच अंशी हाताचीच राहते. आणि उरलेल्या भागात तुटलेल्या मज्जातंतूची गाठ होऊनही कळा येतात, म्हणून आधी डॉक्टर, मग आरसा. मज्जातंतूंच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात, साध्या वेदनाशामक गोळ्यांवर भागवू नका.

नसलेला हातपाय जाणवण्याचा हा प्रकार नवाही नाही. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदानं तो नोंदवलाय, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गेलेल्या सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये त्याला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये लिहिलं की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. आमच्या घरात हे 2011 साली कुणाला माहीत असतं तर दादांचे आठ महिने वाचले असते.

तुम्ही कुणासाठी विचारलंय ते लिहिलेलं नाही. घरात कुणाचा हातपाय गेलेला असेल तर दुखतंय का एवढंच विचारू नका. तो आत्ता कसा आहे, वाकलेला की सरळ, मूठ मिटलेली की उघडी, किती लांब वाटतो, असं विचारा. आठ महिन्यांत दादांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं त्या दिवशी ते अर्धा तास बोलत होते, एकेक बोट सांगत. आता त्यांचा तो हात आखडत वर आलाय, तळवा कोपरालाच चिकटल्यासारखा वाटतो म्हणतात. थंडीत अजून आवळतो. आरसा पुन्हा भिंतीवर लावलाय, पण खिळा सैल ठेवलाय.